गोव्याची सरहद्द, १९६१: शेजारच्या सैन्याचा धोका मोजतात कसा?

डिसेंबर १९६१. गोवा, दमण आणि दीव इथल्या पोर्तुगीज सत्तेकडे चार हजारांच्या आसपास सैनिक होते, त्यांतले आठशेच्या वर स्थानिक भरतीचे. लढाऊ विमान एकही नाही. १२० मिलिमीटरच्या चार तोफांची ‘अफोंसो द अल्बुकर्क’ ही एक जुनी युद्धनौका, आणि गोवा, दमण व दीव मिळून तीन गस्ती नौका. समोर भारताची १७ वी पायदळ डिव्हिजन, ५० वी पॅराशूट ब्रिगेड, पुणे आणि सांबरा इथली विमानं आणि आरमार. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी मांडले की निकाल शाळकरी पोरही सांगेल. मग धोक्याचं मूल्यमापन म्हणून अधिकारी महिनोनमहिने नेमकं काय करत बसतात?

‘शत्रू किती?’ हा त्यातला सर्वांत सोपा प्रश्न आहे. अवघड प्रश्न तीन: तो कुठून येऊ शकतो, येणार हे आपल्याला किती आधी कळेल, आणि आला तर आपण किती वेळ टिकू. तिन्हींची उत्तरं वेळेत निघतात, तास आणि दिवसांत. गोव्याच्या बाबतीत सैन्याच्या माणसांनी हा हिशेब बराचसा बरोबर केला होता. गडबड झाली ती हिशेबाचं उत्तर लिस्बनमधून, म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीतून, ठरून आलं तेव्हा.

आधी दोन शब्दांतला फरक पाहू: क्षमता आणि इरादा. शेजारच्याकडे किती पलटणी, किती ट्रक, किती पूल बांधायचं सामान आहे, ही क्षमता. ती उभी करायला वर्षं लागतात, आणि थोडीफार का होईना, दिसते. इरादा एका बैठकीत बदलतो. म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने दोन्हींची वही वेगळी ठेवायची असते. ‘त्यांना जमेल, पण ते करणार नाहीत’ या वाक्याचा पहिला अर्धा भाग मोजलेला असतो, दुसरा मानलेला. अहवाल वर जाता जाता मानलेल्याचं मोजलेलं होऊन जातं. नेहरू बळ वापरणार नाहीत, हे लिस्बनमधलं गृहीतक असंच पक्कं होत गेलं. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली गेली तीही भारतीय सैन्य न येता, स्वयंसेवकांच्या हातून, आणि १९५५ च्या सत्याग्रहावर गोळीबार झाल्यानंतरही दिल्लीने नाकेबंदीवर भागवलं. सात वर्षं जे घडलं नाही ते आठव्या वर्षीही घडणार नाही, असं वाटणं माणसाला साहजिक आहे. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्याला ते परवडत नाही.

सरहद्द म्हणजे रेषा नव्हे, दारं

नकाशावर गोव्याची जमिनीवरची सरहद्द लांबलचक दिसते. उत्तरेला तेरेखोल आणि त्यापुढे सावंतवाडीचा मुलूख, पूर्वेला सह्याद्री, दक्षिणेला कारवार. पण गाड्या, तोफा आणि रणगाडे घेऊन येणाऱ्या सैन्याला त्यातला बहुतेक भाग निरुपयोगी. सत्तरी आणि सांगेच्या रानातून पायी माणूस येईल, तोफ येणार नाही. म्हणून पहिलं काम दारं मोजायचं. पूर्वेला बेळगावकडून अनमोडचा घाट उतरून मोले आणि पुढे फोंडा. तिथेच जवळ कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारा मीटरगेज रेल्वेमार्ग, जो नाकेबंदीत बंद पडला होता. उत्तरेला दोडामार्गाकडून डिचोली आणि अस्नोडा. वायव्येला बांद्याकडून पेडणे. दक्षिणेला माजाळीहून पोळे आणि काणकोण. बस्स, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

मग प्रत्येक दाराची रुंदी काढायची, आणि ती मीटरमध्ये नव्हे, ताशी गाड्यांमध्ये. साधं गणित आहे. हवाई हल्ल्याच्या भीतीने दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवलं तर एका किलोमीटरमध्ये २० गाड्या बसतात. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने एका ठिकाणाहून तासाला ५०० गाड्या जातील. तोच ताफा घाटात ताशी १० वर आला की तासाला २००. हजार गाड्या उतरवायला पाच तास, तेही एकही बंद पडली नाही तर. एखाद्या वळणावर एक ट्रक अर्धा तास आडवा राहिला की मागे शंभर गाड्या तुंबल्या. अख्ख्या डिव्हिजनच्या गाड्या हजारांत मोजाव्या लागतात, तेव्हा एकाच घाटावर सगळा भरवसा टाकणारा हल्लेखोर दुर्मीळच. बचाव करणाऱ्यानेही मग उलटा निष्कर्ष काढायला हवा: सर्वांत मोठा रस्ता हाच मुख्य हल्ल्याचा रस्ता, असं धरून चालायचं नाही.

प्रत्यक्षात नेमकं हेच घडलं. भारताच्या योजनेत मुख्य प्रहार पूर्वेकडून, अनमोड-मोल्याच्या बाजूने १७ व्या डिव्हिजनचा होता. उत्तरेची ५० वी पॅरा ब्रिगेड दुय्यम होती, तिने त्या बाजूला शत्रूला गुंतवून ठेवायचं होतं. पूर्वेची फळी उडवलेल्या पुलांत आणि सुरुंगांत रखडली. उत्तरेची ब्रिगेड तीन वाटांनी सुटली: २ पॅरा (मराठा) उसगावमार्गे फोंड्याकडे, १ पॅरा (पंजाब) बाणस्तारीच्या वाटेने पणजीच्या रोखाने, आणि तिसरी तुकडी रणगाड्यांसह बारदेशातून बेतीला. १८ डिसेंबरच्या संध्याकाळी भारतीय रणगाडे बेतीच्या काठावर उभे होते, समोर मांडवीपलीकडे पणजीचे दिवे. दक्षिणेला माजाळीच्या बाजूने एक हूल दिली होती ती वेगळीच.

पाणी, भरती आणि चिखल

गोव्यात रस्त्याइतकंच पाणी मोजावं लागतं. तेरेखोल, शापोरा, मांडवी, झुआरी या आडव्या नद्या म्हणजे बचावाच्या तयार फळ्या, आणि १९६१ मध्ये पणजीजवळ मांडवीवर पूल नव्हताच. पण या नद्या मुखाकडे खाड्या आहेत. भरती-ओहोटीने पाणी दीड-दोन मीटर वर-खाली होतं. दुपारी छातीच्या वर असलेलं पाणी रात्री मांडीला येतं. म्हणजे ‘नदी अडथळा आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘कोणत्या तिथीला, कोणत्या प्रहरी?’ असं विचारावं लागतं. हा धडा पोर्तुगीजांच्या दप्तरात जुना होता. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीराजांच्या फौजेने ओहोटी साधून रात्री जुवे बेटावर उतरून किल्ला घेतला, आणि व्हाइसरॉय प्रतिहल्ल्याला गेला तो जखमी होऊन परतला.

ऋतूचंही तसंच. पावसाळ्यात घाट वाहतात, ओढे पूल नेतात, कच्च्या वाटांचा राडा होतो. जून ते सप्टेंबर सरहद्द जवळजवळ आपोआप बंद असते. दसऱ्याला सीमोल्लंघन करायची रीत काही केवळ सोनं लुटण्यासाठी पडली नव्हती. नोव्हेंबरअखेर जमीन वाळते, पाणी उतरतं, रात्री मोठ्या होतात. म्हणून मूल्यमापनाच्या कागदावर धोक्याचा आकडा वर्षभर एकच असू शकत नाही. डिसेंबरचा वेगळा, जुलैचा वेगळा.

रणगाड्यांसाठी अजून दोन गोष्टी पाहायच्या. एक, पुलाचं वजन. हलका रणगाडाही पंधरा टनांच्या आसपास जातो आणि खेड्यातली मोरी बैलगाडीसाठी बांधलेली असते. दुसरी, खाजन शेती. गोव्याच्या खाड्यांकाठची ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली असतात. बांध आणि मानस, म्हणजे बांधातली लाकडी झडप, यांनी खारं पाणी बाहेर ठेवलेलं. वरून कोरडं दिसलं तरी आत गाळ. रणगाडा रस्ता सोडून तिथे उतरला की रुतला. मानस उघडली तर दोन भरत्यांत शेत तळं होईल, पण पुढची काही पिकं आणि गावाची मर्जी दोन्ही बुडतील. परक्या सत्तेला ही मर्जी आधीच नव्हती.

एक जिन्नस मात्र अडथळ्यांच्या यादीत हमखास राहून जातो: होड्या. मांडवी आणि झुआरीवर लोहखनिज मुरगावला नेणाऱ्या बार्जेसची गर्दी होती, शिवाय फेरीच्या होड्या, मच्छीमारांच्या होड्या. पूल उडवला आणि होड्या काठावर ठेवल्या तर अडथळा अर्धाच. त्या पलीकडच्या काठावर ओढून न्यायच्या, निदान वल्ही काढून घ्यायची. हे काम कोणत्या शिपायाचं, किती वाजता, हे आधी लिहून ठेवलेलं नसेल तर ऐनवेळी कोणी करत नाही.

पूल उडवणं वाटतं तितकं सोपं नाही

पोर्तुगीज योजनेचं नाव ‘प्लानो सेंतिनेला’. गोव्याचे चार विभाग, सरहद्दीलगत गाड्यांवरची टेहळणी पथकं, आणि जोडीला ‘प्लानो द बाराजेन्स’: पूल उडवायचे, रस्त्यांवर आणि किनाऱ्यांवर सुरुंग पेरायचे. एकूण कल्पना जमीन देऊन वेळ विकत घ्यायची. कागदावर ती चुकीची नव्हती. तिला तीन गोष्टी लागतात, त्यांचा पुरवठा नव्हता.

पहिली, सुरुंग. रस्त्याच्या बाजूने एक किलोमीटर रुंदीचा पट्टा रणगाड्यांसाठी बंद करायचा, आणि मीटरमागे एकच सुरुंग धरला, तरी एक हजार लागतात. दारं पाच-सहा धरा, मागे दुसरी फळी धरा, किनारे धरा. आकडा कुठे जातो ते पाहा. गोव्यात सुरुंगांचा इतका तुटवडा होता की किनारे आणि रस्ते पेरायची योजना कागदावरच राहिली. शिवाय सुरुंगपट्ट्यावर कोणाची तरी बंदूक रोखलेली असावी लागते. नसली तर समोरचे अभियंते शांतपणे बसून एकेक सुरुंग काढतात आणि तुम्हाला मिळाला तो फक्त त्यांचा तासभर.

दुसरी, निर्णय. पूल उडवायचा क्रम असा: पाहणी करून कुठला खांब वा कमान तोडायची ते ठरवायचं, स्फोटकं बांधायची, पेटवण्याच्या दोन स्वतंत्र तारा ओढायच्या (एक तुटली तर दुसरी), पहारा बसवायचा, आणि मग लेखी हुकूम: कोणाच्या शब्दावर उडवायचा, आणि शत्रू अचानक पुलावर आला तर तिथल्या सुभेदाराने स्वतःच्या जबाबदारीवर उडवायचा की नाही. लवकर उडवला तर पलीकडे गेलेली आपलीच टेहळणी पथकं अडकतात. उशीर झाला तर शत्रूला धडधाकट पूल मिळतो. ही घडी तासांची नव्हे, मिनिटांची असते.

तिसरी, आणि गोव्यात सर्वांत नडलेली, बोलायची सोय. माघार घेत लढणं हा सैन्यातला सर्वांत अवघड कारभार. पुढचं पथक मागच्याला सांगतं, मागचं पुलावर सांगतं, पूल उडतो. त्यासाठी हातात नेता येईल असा वायरलेस संच प्रत्येक पथकाकडे हवा. तो नव्हता, आणि तिथे असलेल्या कार्लुश अझेरेदु या कॅप्टनने नंतर योजनेला अवास्तव म्हटलं ते याच मुद्द्यावर. १८ तारखेच्या सकाळी हंटर विमानांनी बांबोळीचं रेडिओ केंद्र उडवल्यावर लिस्बनशी असलेला धागाही तुटला. बाणस्तारीचा पूल उडवला, बोरीचा उडवला, हे झालं. पण उडवलेले पूल हल्लेखोराला थोडे तास अडवतात, थोपवत नाहीत.

येणार हे आधी कळतं कशावरून

मोठं सैन्य लपत नाही. प्रश्न असतो कोणत्या खुणेला किती वजन द्यायचं. नियम असा की जी गोष्ट खोटी करायला महाग, ती जास्त खरी. चार पलटणी सरहद्दीवर आणून परत नेणं स्वस्त आहे, ती धमकीही असू शकते. प्रवासी गाड्या रद्द करून रेल्वे सैन्यासाठी वळवणं महाग आहे, रोज हजारो लोक स्टेशनवर खोळंबतात आणि बोभाटा होतो. दारूगोळ्याचे ढीग त्याहून बोलके. २५ पौंडी तोफेचा एक गोळा सुमारे ११.३ किलोचा. २४ तोफांच्या रेजिमेंटला तोफेमागे १०० गोळे द्यायचे म्हटले तर नुसत्या गोळ्यांचं वजन २७ टन, म्हणजे तीन टनी ट्रकच्या नऊ खेपा, काडतुसं आणि पेट्या वेगळ्या. हे नाटकासाठी कोणी करत नाही. अजून पाहायच्या गोष्टी: घाटातल्या मोऱ्यांची अचानक दुरुस्ती, पूल बांधायचं सामान पुढे येणं, पुढच्या गावात लष्करी इस्पितळ उभं राहणं, नेहमी गजबजलेला वायरलेस एकाएकी गप्प होणं.

डिसेंबरच्या सुरुवातीपासून बेळगावकडे सैन्य उतरत होतं, आणि ते काही गुपित राहिलं नव्हतं. पणजीत ते दिसत होतं. १२ डिसेंबरला ‘इंडिया’ हे जहाज मुरगावहून पोर्तुगीज कुटुंबांना घेऊन निघालं ते गव्हर्नर जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी लिस्बनची मर्जी मोडून. म्हणजे इशारा पंधरा दिवस आधी मिळाला होता. त्या पंधरा दिवसांत कुमक आणायला रस्ता नव्हता, हा भाग वेगळा. इशाऱ्याची किंमत त्यावर काही करता आलं तरच.

साडेचार किलोमीटर रोज

आता शेवटचं गणित. १४ डिसेंबरला पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा हुकूम आला: निदान आठ दिवस झुंजा, शरणागती नाही, सैनिक एकतर विजयी किंवा मृत. आठ दिवस का? तेवढ्यात जगाचं लक्ष वेधेल, संयुक्त राष्ट्रांत दबाव येईल, म्हणून. राजकारणाच्या बाजूने आकडा समजण्यासारखा आहे.

तो जमिनीवर ठेवून पाहा. दोडामार्गाच्या बाजूने सरहद्द ते पणजी साधारण ३५ किलोमीटर. आठ दिवस टिकायचं म्हणजे शत्रूला रोज साडेचार किलोमीटरपेक्षा जास्त पुढे येऊ द्यायचं नाही. जमीन देऊन वेळ घ्यायचा तर आधी जमीन हवी. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर, पूर्व-पश्चिम साठ-पासष्ट. चार हजारांतून दमण-दीवचे, कोठारांचे, कचेऱ्यांचे वजा करा, उरलेले चार विभागांत वाटा. हल्लेखोराला मात्र सगळीकडे वरचढ असायची गरज नाही. जिथे घुसायचं तिथे तिप्पट असलं की पुरे, असा जुना ठोकताळा आहे, आणि इथे तर तो सगळीकडेच वरचढ होता. वरून विमानं फक्त त्याची. दिवसा रस्त्यावर ट्रक काढायचा तर आकाशाकडे बघत. या परिस्थितीत दिवसाला साडेचार किलोमीटर हा आकडा कोणत्याही स्टाफ ऑफिसरने हसून बाजूला ठेवला असता. घडलं ते असं: १८ च्या पहाटे सुरुवात, १९ च्या सकाळी पणजी, रात्री साडेआठला शरणागती. दोन पूर्ण दिवसही नाहीत. पोर्तुगीज बाजूचे ३० आणि भारताचे २२ जण मेले.

दमण आणि दीवबद्दल वेगळं लिहायलाच नको. ७२ आणि ४० चौरस किलोमीटर, मागे समुद्र. तिथे कडवी लढत झाली, पण माघारीला जागाच नसलेल्या ठाण्याचा हिशेब फक्त दारूगोळा किती तास पुरेल इतकाच असतो.

हिशेब चुकण्याचा मक्ता पराभूतांकडेच असतो असंही नाही. भारतीय बाजूने समोरची ताकद फुगवून धरली होती, विमानवाहू नौका विक्रांत गोव्यासमोर उभी केली ती काही एका जुन्या युद्धनौकेसाठी नव्हे. जास्त धरल्याचा तोटा पैशात होतो, कमी धरल्याचा माणसांत, म्हणून सैन्यं सवयीने जास्त धरतात. उलट दाबोळीचं पाहा. कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांच्या पहिल्याच फेरीने धावपट्टीवर ६३,००० पौंड बॉम्ब टाकले, पाठोपाठ दुसरी फेरी झाली. विमानतळ निकामी झाला अशी नोंद करायला हरकत नव्हती. त्याच रात्री तिथून दोन प्रवासी विमानं उरल्यासुरल्या धावपट्टीवरून उडाली आणि कराचीला पोचली. ‘नष्ट’ या शब्दापुढे ‘कोणासाठी, किती तास’ लिहायचं राहिलं की असं होतं.

आणि ज्याने हिशेब बरोबर मांडला त्याचं काय झालं? १९५० च्या दशकाच्या मध्यात गोव्यात सुमारे १२,००० पोर्तुगीज सैनिक होते. सैन्य खात्याचे उपसचिव फ्रान्सिस्कु द कोश्ता गोमिश यांनी १९६० मध्ये पाहणी केली आणि सैन्य कमीच करा म्हणून सांगितलं. तर्क सरळ होता: भारत आला तर १२,००० ही पुरणार नाहीत, आणि आला नाही तर अंतर्गत बंदोबस्ताला त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. उरलेले फक्त युद्धकैदी व्हायला ठेवायचे का? लिस्बनने सल्ल्यातला कपातीचा भाग उचलला आणि त्यामागचं कारण सोडून दिलं. वर त्या उरलेल्या सैन्याला आठ दिवसांचा हुकूम दिला. व्हासालु इ सिल्व्हा कैदेतून परतले ते सैन्यातून बडतर्फ व्हायला, पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर त्यांना परत घेतलं. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. तेव्हा पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष होते कोश्ता गोमिश.